कानाडोळा

ओउलूत डिसेंबरचा सूर्य साडेदहाला येतो
आणि दोनच्या सुमाराला निघतोसुद्धा,
अर्ध्या दिवसाच्या पगारावर ठेवल्यासारखा.
त्याच्या भरवशावर मी एक ऑफिस आखत होते.

गोदाम जुनं, डांबराच्या पिंपांचं. विटांना अजून वास आहे.
तिथे बसणार होती साठ माणसं,
नदीवरचा बर्फ कधी फुटेल याचे अंदाज बांधणारी.
आपल्याला काय हवं ते त्यांनाही रोज वेगळं वाटे,
म्हणून मी टेबलांना चाकं दिली,
भिंती छतातल्या रुळांवर टांगल्या:
सोमवारी सभा, मंगळवारी सहा खोल्या,
शुक्रवारी सगळं ढकलून मोकळं पटांगण.

वेइयो आला, हातात लाल फुगा.
टाचणी लावली. फट्.
आणि तो फट् विटांवरून, लोखंडावरून, काचेवरून
घर शोधत हिंडत राहिला.
"दोन पूर्णांक चार सेकंद," वेइयो म्हणाला,
पोराचा ताप सांगावा तसं.
भिंतींना कान असतात म्हणतात.
इथे नव्हते. आम्ही विकत आणले:
राखाडी लोकरीचे, चार बोटं जाड.

उजेडाचं दुखणं वेगळं.
भर दुपारीही तो इथे क्षितिजावर कोपर टेकून असतो,
आडवा आत घुसतो, पार मागच्या भिंतीपर्यंत,
आणि वाटेतल्या प्रत्येक डोळ्यात बोट घालतो.
मला ठाऊक होतं काय होणार:
महिनोन्‌महिने ज्याची वाट पाहिली
त्याच्याच तोंडावर लोक पडदा ओढणार.
मग खिडकीच्या वरच्या अंगाला तिरप्या पांढऱ्या फळ्या,
ऊन आधी छतावर चढावं, आणि तिथून
पीठ चाळल्यासारखं सावकाश खाली यावं.

बारा आराखडे झाले. तेरावा घेऊन गेले
तेव्हा तुइरे कायस्तो उठली.
पुराचे तक्ते तिच्याकडे. डावा कान लहानपणीच गेलेला.
"मी कुठे बसायचं?"
"कुठेही," मी म्हणाले, "तीच तर यातली गंमत."
ती माझ्या ओठांकडे बघत होती.
"कुठेही म्हणजे
माझ्यासाठी रोज नव्यानं कुठेच नाही."
मग तिनं मला खिडकीकडे पाठ करून उभं केलं.
"आता बोला."
मी बोलले.
"ऐकू येत नाही," ती म्हणाली,
"तुमचं तोंड अंधारात आहे."

पंचवीस वर्षं मी उजेड एका वहीत मोजला
आणि आवाज दुसऱ्या वहीत.
एवढाच उजेड पाडला.
साठ माणसांचे एकशेवीस कान धरले होते.
होते एकशेएकोणीस.
त्या एकाकडे सरळ कानाडोळा.

त्या रात्री खोडरबर झिजलं.
उत्तरेच्या खिडकीशी एक टेबल, चाकं काढून,
चार बोल्टांनी फरशीत रोवलेलं.
डावीकडे लोकरीची भिंत, न सरकणारी.
समोर येईल त्यानं उजेडाकडे तोंड करून बसायचं.
ऑस्मो, ज्याचे पैसे, तो चिडला:
"लवचीक म्हणाला होतात ना?"
म्हटलं, बिजागरीचीही एक बाजू
चौकटीला ठोकलेलीच असते.

आता दुसरा हिवाळा.
लोक खुर्च्या ढकलत अकराच्या उन्हामागे जातात.
ज्याला खरं काही सांगायचं असतं
तो तुइरेच्या टेबलाशी येतो,
दोन्ही कान शाबूत असलेलासुद्धा.
परवा फुगा पुन्हा फोडला: शून्य पूर्णांक सहा.
पलीकडच्या टोकाला वेइयो काहीतरी पुटपुटला,
कुणाला कळलं नाही. तुइरे तेवढी हसली.

फक्त तिसऱ्या रुळावरचं चाक अजून कुरकुरतं.
दर सोमवारी. तेल घातलं, चाक बदललं, पुन्हा तेच.
माझ्याकडे तक्रारी आल्यात
एकोणसाठ.